आफ्रिकेत साथ आली, आपली सफारी रद्द करायची का?

जुलै ते सप्टेंबर हा केनियातल्या मसाई माराचा हंगाम. टांझानियातल्या सेरेंगेटीतून निघालेले विल्डेबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात ते याच दिवसांत, आणि मुंबई-पुण्याच्या टूर कंपन्यांचे ग्रुप नैरोबीला उतरतात तेही याच दिवसांत. पैसे मात्र कितीतरी महिने आधी भरलेले असतात. मधल्या काळात एखाद्या सकाळी बातमी येते: आफ्रिकेत इबोला. कधी मारबर्ग हा त्याचाच भाईबंद, कधी एमपॉक्स, म्हणजे पूर्वीचा मंकीपॉक्स. मग परदेशातून मुलांचे फोन सुरू होतात, व्याही काळजीनं विचारतात, सोसायटीच्या ग्रुपवर खरे-खोटे मेसेज फिरू लागतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: जायचं की रद्द करायचं?

अशा बातम्या आता दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. २०२२ मध्ये युगांडात इबोला, २०२३ मध्ये टांझानियात मारबर्ग, २०२४ मध्ये रवांडात मारबर्ग. २०२५ च्या जानेवारीत टांझानिया आणि युगांडा या दोघांनीही साथ जाहीर केली, सप्टेंबरमध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकानं आणि नोव्हेंबरमध्ये इथिओपियानं. म्हणजे सफारीचं बुकिंग केलं आणि वर्षभरात अशी एकही बातमी आली नाही, असं आता क्वचितच होईल. म्हणून घाबरण्याआधी किंवा बेफिकीर होण्याआधी विचार कसा करायचा हे समजून घ्यायला हवं. साथ नेमकी कुठे आहे, ती पसरते कशी, आणि आपला प्रवास तिच्या वाटेत कुठे येतो का, एवढंच शोधायचं आहे.

'आफ्रिकेत' म्हणजे नेमकं कुठे?

आफ्रिका खंडाचं क्षेत्रफळ सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या नऊपट. त्यात ५४ देश आहेत. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत इबोलाची आजवरची सर्वांत मोठी साथ आली. २०१६ पर्यंत २८ हजारांहून जास्त लोकांना लागण झाली आणि ११ हजारांहून जास्त माणसं गेली. त्या काळात केनिया, टांझानिया, बोट्स्वाना, दक्षिण आफ्रिका इथली सफारीची बुकिंगं धडाधड रद्द झाली. या चारही देशांत त्या साथीचा एकही रुग्ण नव्हता.

नकाशा उघडून अंतर मोजून पाहा. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया ते नैरोबी हे अंतर सरळ रेषेत ५,३०० किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबई ते नैरोबी साधारण ४,५००. म्हणजे नैरोबीला साथीचं गाव जितकं दूर होतं, त्याहून आपली मुंबई जवळ होती. मन्रोव्हियापासून युरोपातलं लिस्बनसुद्धा नैरोबीपेक्षा जवळ आहे. पण इबोलाच्या भीतीनं लिस्बनची सहल कुणी रद्द केल्याचं मी ऐकलेलं नाही.

तेव्हा बातमीत देशाचं नाव वाचून थांबू नका, जिल्ह्याचं नाव शोधा. टांझानियात २०२३ आणि २०२५ या दोन्ही वेळी मारबर्ग निघाला तो कागेरा प्रांतात. हा प्रांत व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला, रवांडा-युगांडाच्या सीमेलगत आहे. सेरेंगेटी सरोवराच्या पूर्वेला. आरुशाहून निघून गोरोंगोरो आणि सेरेंगेटी करून परतणारा पर्यटक कागेराच्या आसपासही जात नाही.

पण साथ आपल्याच वाटेवर असेल तर?

तसंही होतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २७ सप्टेंबर २०२४ रोजी रवांडानं मारबर्ग जाहीर केला तेव्हा बरेचसे रुग्ण राजधानी किगालीतल्या रुग्णालयांशी जोडलेले होते. गोरिला बघायला रवांडात जाणारा जवळजवळ प्रत्येक पर्यटक किगालीलाच उतरतो. युगांडात २०२२ च्या साथीचं केंद्र मुबेंडे जिल्हा होता, आणि कंपालाहून चिंपांझींसाठी प्रसिद्ध असलेल्या किबाले जंगलाकडे जाणारा नेहमीचा रस्ता मुबेंडेतूनच जातो. त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत मुबेंडे आणि शेजारच्या कसांडा जिल्ह्यात ये-जा बंद होती.

अशा वेळी अंतर मोजून भागत नाही. रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, ते बघावं लागतं.

हे विषाणू पसरतात कसे?

इबोला आणि मारबर्ग हे एकाच कुळातले चुलतभाऊ. दोन्ही भयंकर आहेत. काही साथींत लागण झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं दगावली आहेत. पण रोग किती जीवघेणा आहे आणि तो किती सहज लागतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमी वाचताना आपण त्यांची गल्लत करतो, आणि बहुतेक घबराट तिथूनच सुरू होते.

स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली की दिवाणखान्यात बसलेल्यालाही ठसका लागतो. कोविड तसा पसरत होता. इबोला आणि मारबर्ग हळदीच्या हातासारखे आहेत: हात जिथे लागेल तिथेच डाग पडतो, शेजारच्या खोलीतल्या माणसाला काही होत नाही. रुग्णाचं रक्त, उलटी, जुलाब, घाम, लाळ, किंवा त्यांनी माखलेले कपडे-अंथरूण यांचा थेट संपर्क आला तरच लागण होते. विषाणू शरीरात शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंतचा काळ, म्हणजे अधिशयन काळ, २ ते २१ दिवसांचा असतो, आणि लक्षणं दिसेपर्यंत तो माणूस दुसऱ्याला रोग देत नाही. आजार जितका वाढेल तितका धोका वाढतो. मृतदेहाला हात लावण्यात तर तो फार मोठा असतो.

म्हणूनच या साथींत बळी जातात ते रुग्णाची उशाशी बसून सेवा करणारे नातेवाईक, परिचारिका, डॉक्टर आणि अंत्यविधीत मृतदेहाला आंघोळ घालणारे आप्त. रवांडातल्या साथीत एकूण ६६ रुग्ण आणि १५ मृत्यू झाले, आणि त्या रुग्णांत बहुसंख्य आरोग्य कर्मचारी होते. जीपमधून सिंह बघणारा, कॅम्पवर जेवणारा आणि तंबूत झोपणारा पर्यटक या साखळीत सहसा येतच नाही.

'पण विमानात शेजारीच आजारी माणूस बसला तर?' हा पुढचा प्रश्न. जुलै २०१४ मध्ये तसं घडलं होतं. लायबेरियाहून निघालेला एक आजारी प्रवासी नायजेरियात लागोसला उतरला. दोन कोटींच्या घरातलं, दाटीवाटीचं शहर. जगानं श्वास रोखला होता. शेवटी नायजेरियात एकूण २० रुग्ण झाले, ८ मृत्यू झाले, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. लागण झाली ती मुख्यतः त्याला विमानतळावरून नेणाऱ्यांना आणि रुग्णालयात त्याची सेवा करणाऱ्यांना, आणि पुढे त्यांच्या निकटच्या लोकांना. आरोग्य कर्मचाऱ्यांनी एकेका संपर्काच्या घरी जाऊन साखळी तोडली, त्यात काहींनी स्वतःचा जीव गमावला. त्या लोकांचे उपकार फार मोठे आहेत.

एमपॉक्सचंही बरंचसं असंच आहे. तो मुख्यतः अंगाला अंग लागल्यानं, फोडांच्या स्पर्शानं, लैंगिक संबंधातून आणि एकाच घरातल्या दीर्घ सहवासातून पसरतो. जंगलात फिरण्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

मग पर्यटकांना कधीच लागण झाली नाही का?

झाली आहे. मारबर्गची लागण झालेल्या बहुतेक पर्यटकांत एक धागा समान आहे: ते गुहेत शिरले होते.

युगांडाच्या क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानालगत मारामागांबो जंगलात एक गुहा आहे. आत हजारो वटवाघळं असतात आणि त्यांच्यावर पोसलेले अजगर. म्हणून तिचं नाव पायथन केव्ह. २००८ मध्ये ही गुहा पाहून परतलेली नेदरलँड्सची एक महिला मारबर्गनं मरण पावली. ती बातमी वाचून अमेरिकेतली एक महिला चपापली. तीही काही महिन्यांपूर्वी त्याच गुहेत गेली होती, आणि घरी परतल्यावर निदान न झालेल्या आजारानं मरता मरता वाचली होती. तिनं पुन्हा तपासणी करायला लावली, आणि तो मारबर्गच होता हे २००९ मध्ये स्पष्ट झालं. केनियात माउंट एल्गनवर किटुम नावाची गुहा आहे, जिच्या भिंतींतलं मीठ खायला हत्ती आत जातात. १९८० मध्ये आणि पुन्हा १९८७ मध्ये ती गुहा पाहून आलेली एकेक व्यक्ती मारबर्गनं दगावली.

कारण असं की, मारबर्गचा विषाणू इजिप्शियन फळवाघळांच्या अंगात राहतो. त्यांना त्याचा त्रास होत नाही. त्यांची विष्ठा, लाळ, मूत्र यांनी गुहेतले दगड माखलेले असतात. आधारासाठी दगडाला हात लागतो, तोच हात नकळत तोंडाला-डोळ्यांना लागतो. रवांडातल्या साथीची सुरुवातही अशी वटवाघळं असलेल्या खाणीत काम करणाऱ्या माणसापासून झाली.

म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे. साथ असो वा नसो, पूर्व आफ्रिकेत वटवाघळांची गुहा, जुनी खाण किंवा पोकळ खोडाचं मोठं झाड दाखवायला कुणी नेत असेल तर बाहेरूनच नमस्कार करा. मरून पडलेल्या प्राण्याजवळ जाऊन फोटो काढू नका. रानातल्या प्राण्याचं मांस कुणी कौतुकानं वाढलं तरी नको म्हणा.

इबोलाची लस घेऊन जावी का?

इबोलाच्या झैर नावाच्या प्रकारावर लस आहे. ती साथीच्या जागी रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना देतात. पर्यटकांना तिची गरज नसते. युगांडात २०२२ आणि २०२५ मध्ये आला तो सुदान प्रकार होता. त्यावर आणि मारबर्गवर त्या वेळी मान्यता मिळालेली लस नव्हती, प्रायोगिक लसीच तेवढ्या होत्या.

पर्यटकाला खरा त्रास कशाचा होतो?

दोन गोष्टींचा. पहिली म्हणजे अडकून पडणं. साथीच्या काळात देशाबाहेर पडताना विमानतळावर ताप मोजतात, प्रश्नावली भरून घेतात. अंगात ताप असेल तर विमानात चढू देत नाहीत आणि तपासणी होईपर्यंत वेगळं ठेवू शकतात. तो ताप साध्या सर्दीचा असला तरी विमान चुकतंच.

दुसरी गोष्ट मलेरिया, आणि सफारीवाल्यांचा सर्वांत दुर्लक्षित धोका हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात मलेरियानं जवळजवळ सहा लाख माणसं गेली, त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत. इबोलाच्या इतिहासातल्या सगळ्या साथी एकत्र केल्या तरी मृत्यू या आकड्याच्या जवळपासही येत नाहीत. शिवाय मलेरियाची सुरुवात आणि इबोलाची सुरुवात सारखीच दिसते: ताप, डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या. साथ चालू असताना तुम्हाला मलेरिया झाला तर तुम्ही आधी इबोलाचे संशयित ठरता आणि मग मलेरियाचे रुग्ण. त्यात गेलेला एकेक दिवस महागात पडतो. म्हणून साथीच्या काळात डासापासून जपणं दुपटीनं महत्त्वाचं होतं.

'मलेरिया आपल्याकडेही असतो, आपल्याला काही होत नाही,' असं अनेक ज्येष्ठ मंडळी मला सांगतात. हा गैरसमज आहे. मलेरियाविरुद्धची थोडीफार प्रतिकारशक्ती येते ती वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा चावे होऊन, आणि त्या प्रदेशातून बाहेर पडल्यावर ती ओसरते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला ती नसते. शिवाय आफ्रिकेत बहुतांश मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदू-मूत्रपिंडांपर्यंत पोहोचणारा असतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्या. कोणती गोळी, हे वय, चालू असलेली औषधं आणि मूत्रपिंडाची स्थिती बघून डॉक्टरच ठरवतील. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: गोळ्या परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात, औषधाप्रमाणे एक आठवडा ते चार आठवडे. मुंबईला उतरल्यावर गोळ्या बंद करणारे पुष्कळ असतात.

मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. म्हणजे दिवसाच्या गेम ड्राइव्हपेक्षा, जीपमधून प्राणी बघण्याच्या फेरीपेक्षा, कॅम्पवरच्या शेकोटीभोवतीची वेळ धोक्याची. गोळ्यांच्या जोडीला पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे, डास पळवणारं क्रीम आणि मच्छरदाणी, एवढं पुरेसं आहे. दिवसा चावते ती त्सेत्से माशी. तिच्यामुळे होणारा निद्रारोग पर्यटकांत दुर्मीळ आहे, पण २००१ मध्ये सेरेंगेटी आणि तरांगिरे पाहून परतलेल्या अनेकांना झाला होता. ती गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते. उद्यानांत तिला पकडायला त्याच रंगांचे कापडी सापळे टांगलेले दिसतील. जीन्स घरी ठेवा, खाकी-मातकट रंग न्या.

पिवळ्या तापाच्या लशीचा एवढा आग्रह का?

कारण त्यात धोका तुमच्यापुरता नसतो. पिवळा ताप पसरवणारा एडिस डास, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा तोच, महाराष्ट्रात घराघरात आहे. विषाणू मात्र भारतात अजून आलेला नाही. डास तयार बसलेला असताना विषाणू घेऊन कुणी उतरू नये म्हणून केनिया, युगांडासारख्या देशांतून लशीच्या प्रमाणपत्राविना परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हा नियम मला पूर्णपणे योग्य वाटतो.

लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं, मग आयुष्यभर चालतं. आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. आपल्या सफारी ग्रुपमध्ये निवृत्त मंडळी बरीच असतात. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता थोडी जास्त असते, आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर ती टाळावी लागते. त्यांच्यासाठी डॉक्टरांशी बोलणं टूरचे पैसे भरण्याच्या आधी व्हायला हवं.

आपल्यामुळे प्राण्यांना काही होऊ शकतं का?

हो, आणि हा मुद्दा मला फार जवळचा आहे. माणसाचे सर्दी-खोकल्याचे विषाणू पर्वतीय गोरिलांचा जीव घेऊ शकतात. जगात हे गोरिला हजाराच्या थोडे वर उरले आहेत. म्हणून गोरिलांपासून ठरावीक अंतर राखावं लागतं, मास्क बांधावा लागतो आणि आजारी पर्यटकाला वर नेत नाहीत. परवान्याला शेकडो डॉलर मोजलेले असतात, त्यामुळे खोकला लपवण्याचा मोह होतो. कृपा करून लपवू नका. इबोलानं काँगो-ब्राझाव्हिल या दुसऱ्या काँगोच्या लोसी अभयारण्यात २००२-०३ च्या सुमारास हजारो गोरिला मेल्याचा अंदाज आहे. साथीचं दुःख त्यांच्याही वाट्याला आलेलं आहे.

तर मग रद्द कधी करावं?

साथ तुमच्या मार्गावरच्या जिल्ह्यात किंवा शहरात असेल, नवे रुग्ण रोज वाढत असतील आणि ते आधीच्या कुठल्या रुग्णाच्या संपर्कातले आहेत हे सापडत नसेल, तर जाऊ नका, पुढे ढकला. हे शेवटचं लक्षण सर्वांत महत्त्वाचं, कारण नवे रुग्ण माहीत असलेल्या संपर्कांतूनच निघत असतील तर साथ आटोक्यात येते आहे असं समजतात. रवांडात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मी कुणालाही थांबा म्हटलं असतं. नोव्हेंबरात जायला हरकत घेतली नसती. तिथे साथ संपल्याची घोषणा २० डिसेंबरला झाली. शेवटच्या रुग्णानंतर ४२ दिवस, म्हणजे अधिशयन काळाच्या दुप्पट, वाट पाहून मगच अशी घोषणा करतात.

गरोदर स्त्रिया, कर्करोगाचे उपचार चालू असलेले रुग्ण आणि ज्यांना प्रवासात रुग्णालयाची गरज पडू शकते अशांनी साथ दूर असली तरी वेगळा विचार करावा. रुग्णालय हेच साथीच्या काळातलं सर्वांत जोखमीचं ठिकाण असतं, आणि त्यांना तिथे जावं लागण्याची शक्यता जास्त. साथीच्या भागात सेवाकार्याला जाणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना तर यातलं काहीच लागू नाही. त्यांचा धोका खरा आहे.

विम्याचे कागद बारकाईनं वाचा. साथीची बातमी आल्यानंतर घेतलेली पॉलिसी बहुधा त्या साथीमुळे झालेलं नुकसान भरून देत नाही. सरकारनं प्रवास टाळा म्हटलेल्या ठिकाणी गेल्यासही संरक्षण जाऊ शकतं. पॉलिसीत रुग्णाला हवाईमार्गे हलवण्याचा खर्च आहे ना, तेही बघा. माराच्या कॅम्पपासून मोठं रुग्णालय म्हणजे नैरोबी.

आणि शक्य असेल तर रद्द न करता तारीख बदला. माराभोवतीची बरीच संरक्षित जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे. पर्यटकांच्या पैशातून त्यांना भाडं मिळतं, म्हणून ती जमीन कुंपणाविना वन्यप्राण्यांसाठी मोकळी राहते. कोविडच्या वर्षी पर्यटक थांबले आणि ते भाडं देणंही अवघड झालं. हजारो किलोमीटरवरच्या साथीसाठी ही शिक्षा त्यांना का व्हावी?

परतल्यावर

ऑगस्टमध्ये परतणाऱ्यांसाठी हे विशेष. आपल्याकडे तेव्हा पाऊस असतो आणि गावोगावी डेंग्यू, लेप्टो, साधा व्हायरल यांचे रुग्ण असतात. ताप आला की ओळखीचे डॉक्टर 'सध्या सगळीकडे व्हायरल आहे' म्हणून गोळ्या देतील, आणि त्यांचं काही चुकतं असं नाही. तुम्ही आफ्रिकेतून आलात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. फाल्सिपेरम मलेरिया परतल्यानंतर कित्येक आठवड्यांनीही डोकं वर काढू शकतो. म्हणून पुढचे तीन महिने कुठलाही ताप आला तर दवाखान्यात आपण होऊन सांगा: कोणत्या देशात गेलो, कोणत्या तारखेला परतलो, गुहेत किंवा रुग्णालयात गेलो होतो का. साथीच्या देशातून येऊन २१ दिवस झाले नसतील तर थेट जाऊन रांगेत बसू नका, आधी फोन करा. मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. ती निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायला सांगा.